‘ते’ म्हणजे कोण

बाबा, हे तुम्हाला लिहितेय, कारण जिवंत माणसांपैकी कुणालाच सांगायची मला मुभा नाही. मुलीलाही नाही. तिला फोनवर एवढंच म्हटलं की एक मोठं काम होतं, ते संपलं. ती जर्मनमध्ये म्हणाली, बरं झालं आई, आता आराम कर. माझं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती तुमच्या पोटावर झोपायची. आज रविवार आहे, दुपार आहे, आणि इथे डार्मश्टाटला रविवारी दुपारी भिंतीत खिळा ठोकायलाही बंदी असते. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या खुर्चीचा आवाज आला की बरं वाटतं, इतकी शांतता.

तुमच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही मला फोनवर विचारलं होतं, “तिकडचे सरकारी वकील कसं काम करतात गं?” मी तेव्हा औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते, दिवसभर काचेच्या नळ्या आणि हातमोजे. मला काय माहीत असणार? मी म्हटलं, विचारून सांगते. मग तुम्ही गेलात. पुढे मी दुभाष्याची परीक्षा दिली, इकडे मराठीचे अधिकृत दुभाषे फार थोडे आहेत म्हणून. सुरुवातीला कामं साधी असायची, कुणाचा जन्मदाखला, कुणाची लग्नाची नोंद, परदेशी लोकांच्या कचेरीत घाबरून बसलेली एखादी नवी नवरी. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तेच करत राहिले. आणि एका हिवाळ्यात पोलिसांचा फोन आला.

तर बाबा, ते असं काम करतात. तुम्ही सरकारी वकील होतात, पण तुमच्याकडे केस यायची ती पोलिसांनी शिजवून झाल्यावर. जबाब झालेले, पंचनामा झालेला, त्यात मीठ कमी की जास्त हे तुम्हाला कोर्टात उभं राहिल्यावर कळायचं. आईला तुम्ही म्हणायचात, “मला कच्चं सामान कधी बघायलाच मिळत नाही.” इथे सरकारी वकील पहिल्या दिवसापासून चुलीपाशी असतो. कुणाचा फोन ऐकायचा, कुणाच्या मागे माणूस लावायचा, कुणाला आज धरायचं आणि कुणाला जाऊ द्यायचं, हे तो ठरवतो आणि पोलीस ते करतात. फोन ऐकायचा तर न्यायाधीशाची परवानगी लागते, ती मुदतीची असते, आणि मुदत संपली की पुन्हा कारणं द्यावी लागतात. ह्या केसमध्ये ती एक बाई होती, माझ्यापेक्षा बरीच लहान. सायकलने यायची, हेल्मेट फायलींवर ठेवायची आणि डब्यातली गाजरं खात खात माझे कागद वाचायची. कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. तुम्हाला आवडली असती.

प्रकरण आपल्याच माणसांचं होतं. आपल्याकडच्या गावांतून स्वयंपाक्याची नोकरी देतो म्हणून माणसं आणायची, उतरल्याबरोबर पासपोर्ट काढून घ्यायचे, आणि मग आज ह्या हॉटेलच्या भटारखान्यात, उद्या त्या गोदामात, परवा कुणाच्या तळघरात, असं राबवायचं. कुणी कुरकुर केली की त्याच्या गावाकडच्या घरी दोन माणसं जाऊन चहा पिऊन यायची. तेवढं पुरायचं. पोलिसांना व्हॅन चालवणारे माहीत होते, माणसं ठेवायच्या जागाही माहीत होत्या. ह्या सगळ्यांच्या वर कोण आहे, ते माहीत नव्हतं. त्याच्या नावावर काही नव्हतं आणि तो फोनवर बोलत नव्हता.

मी एका खोलीत हेडफोन लावून बसायचे. बाहेर पार्किंग आणि एक उघडं झाड. कानात मात्र सोलापूर, नांदेड, नगर. कुणी हिंगाची डबी शोधतोय, कुणी खोकतोय, कुणी आईला सांगतोय की इथे सगळं मस्त आहे. बोलणं अगदी खाजगी झालं की ऐकणं थांबवायचं आणि तो भाग पुसायला द्यायचा, असा नियम आहे. मी थांबवायचे. हेडफोन काढला की खोलीत एकदम जर्मनी व्हायची.

एका स्वयंपाक्याचा खोकला मी दोन महिने ऐकत होते. शेवटी राहवलं नाही. वकीलबाईला म्हटलं, तुम्हाला तो कुठे आहे ते माहीत आहे, मग उचलून आणत का नाही? हिवाळा आहे. तिने डबा बंद केला. म्हणाली, “आज त्याला सोडवलं तर त्याच्या जागी उद्या दुसरा येईल, आणि आज ड्रायव्हर धरला तर उद्या दुसरा ड्रायव्हर येईल. वरचा माणूस मात्र आपल्याला ओळखून सावध होईल. मला हे आवडतं असं समजू नका.” मग म्हणाली, “जिवाला धोका दिसला तर मात्र त्याच क्षणी आत जायचं, हे ठरलेलं आहे. म्हणून तर तुम्ही ऐकताय.” त्या दिवसापासून मी तो खोकला वेगळ्या कानाने ऐकू लागले.

माझ्या आधी ह्या रेकॉर्डिंगांचं भाषांतर हिंदी शिकलेल्या एका जर्मन माणसाने केलं होतं. त्यात जागोजागी होतं, “ते लोक येणार आहेत”, “त्या लोकांना विचारून सांगतो”, “ते लोक रागावले आहेत”. पोलीस त्यामुळे तीन-चार जणांची टोळी शोधत होते, भिंतीवर तीन-चार रिकाम्या चौकटी काढून ठेवल्या होत्या. मी मूळ आवाज ऐकला. एका मुकादमासारख्या माणसाने स्वयंपाक्याला सांगितलं होतं, “ते जेवायला येतायत. एक ताट काढ. वरणात लसूण नको, त्यांना चालत नाही.” मी ते पुन्हा ऐकलं. मग वकीलबाईच्या खोलीत गेले आणि सांगितलं की आमच्या भाषेत मोठ्या माणसाला एकवचनात बोलत नाहीत. मी माझ्या वडिलांना ‘ते’ म्हणते. हे चार लोक नाहीत. हा एक माणूस आहे, आणि तो वयाने किंवा मानाने मोठा आहे. तिने कागद पुन्हा वाचला. “आल्झो,” म्हणाली, म्हणजे ‘तर मग’, “एक ताट.” आणि भिंतीवरच्या चौकटी एकेक करून पुसल्या.

मग पोलिसांनी मोठ्या माणसांकडे पाहायला सुरुवात केली, आणि जो सापडला त्याला मी ओळखत होते. आमच्या इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना काका म्हणतात. गणपतीला हॉलचं भाडं काका देणार, कुणाचं पार्थिव भारतात न्यायचं असेल तर काका धावणार. माझा नवरा गेला तेव्हा स्मशानात माझ्या शेजारी छत्री धरून उभे होते. मी हे सगळं त्याच दिवशी वकीलबाईला सांगितलं, लिहूनही दिलं, आणि म्हटलं की मला ह्या कामावरून काढायचं तर काढा. तिने वरच्यांना विचारलं. माझी भाषांतरं दुसऱ्या एकाकडून तपासून घेतली, आणि मला ठेवलं. म्हणाली, “ओळख असणं हा गुन्हा नाही. लपवणं अडचणीचं झालं असतं.” त्यानंतर दोन वर्षं मी मंडळात गेले नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. जाऊन त्यांच्या हातून प्रसाद कसा घेणार, आणि न घेता कशी परतणार?

ह्या दोन वर्षांत मला तुमचा तो साक्षीदार फार आठवला. कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्याजवळ चहा विकणारा. काट्यावरच्या कारकुनाला मारलं ते त्याने पाहिलं होतं, आणि मारणारे कोण हे सगळा जिल्हा जाणून होता. तारखेच्या आदल्या संध्याकाळी तो घाबरून आपल्या घरी आला. तुम्ही त्याला ओसरीवरूनच परत पाठवत होतात, सरकारी वकिलाच्या घरी साक्षीदार नको म्हणून. आईने ऐकलं नाही. “जेवल्याबिगर कोणी जात नाही आपल्या घरून,” म्हणाली, आणि त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. मी बघतेय, तुम्ही दाराच्या चौकटीत उभे आहात. केसबद्दल अक्षर बोलत नाही. पाऊस कसा आहे, तूर कशी आहे, म्हशीला काय झालं होतं, एवढंच. तो भाकरी कुस्करून खातोय आणि मध्येच हात थांबतोय. दुसऱ्या दिवशी मी शाळेत ऐटीत सांगितलं की आमच्याकडे खुनाचा साक्षीदार जेवायला होता. ते तुमच्या कानावर आलं. तुम्ही मला कधी मारलं नाही, त्या दिवशीही नाही. समोर बसवून म्हणालात, “घरात आलेल्या माणसाची गोष्ट घराबाहेर जात नसते. तुला गंमत वाटली, त्याचा जीव जाऊ शकतो.”

तो कोर्टात फिरला. मला काही दिसलं नाही, मी काही पाहिलं नाही, पोलिसांनी मारून सही घेतली. त्याला फितूर ठरवायचा अर्ज तुम्हालाच करावा लागला आणि उलटतपासही तुम्हालाच घ्यावा लागला. घरी येऊन कोट खुंटीला लावलात. आई म्हणाली, “आपली भाकर खाल्ली ना फिरला.” तुम्ही म्हणालात, “उद्या त्याला त्याच काट्यावर चहा विकायचाय. आपण जाणार आहोत का तिथं त्याच्या सोबतीला राहायला?” आरोपी सुटले. त्या निकालानंतर तुम्ही कारागृहाच्या विक्रीकेंद्रातून कैद्यांनी विणलेली एक सतरंजी आणलीत आणि मला अभ्यासाला बसायला दिलीत. म्हणालात, “हे विणणारे आत आहेत. ज्यांनी ह्यांना कामाला लावलं ते बाहेर आहेत. एवढं लक्षात ठेवून बस.” मला तेव्हा ते बोलणं कळलं नाही, सतरंजीचा लाल रंग मात्र आवडला.

इथे तो खोकणारा स्वयंपाकी साक्षीदार झाला. सगळ्या जागांवर एकदम छापे घातले त्या सकाळी तो एका तळघरात सापडला, अंगात ताप, आणि पोलिसांना हात जोडत होता. दवाखान्यात त्याच्या खाटेशी मी पहिल्यांदा त्याला पाहिलं. आवाज मला पाठ होता, चेहरा नवा. मी मराठी बोलले तेव्हा तो रडला नाही, नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू भलत्याच ठिकाणाहून आवाज येतोय. “ताई, तुम्ही कुठल्या?” त्याने विचारलं. मी सांगितलं. मग तो बोलू लागला आणि काही आठवडे बोलतच राहिला.

आणि बाबा, वकीलबाईने त्याच्या एकाही वाक्यावर नुसता विश्वास ठेवला नाही. तो म्हणाला, काका एकदा जेवायला आले ते चिडूनच आले, रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने गाडीचा फोटो काढला म्हणून शिव्या देत होते. इथे वेगाने गाडी नेली की रस्त्याकडेचा ब्लिट्झर लखकन फोटो काढतो, आणि त्यात चालवणाऱ्याचा चेहरा येतो. तिने तो फोटो शोधून काढला. गाडी जावयाच्या नावावर, दंड जावयाने भरलेला, आणि चाकामागे काका, भुवया आक्रसून. रस्ता तोच, दिवसही तोच, ज्या दिवशी एक ताट काढायला सांगितलं होतं. मी म्हटलं, म्हणजे झालंच की. ती म्हणाली, “फोटो सांगतो की ते त्या रस्त्यावर होते. जेवायला कोण बसलं आणि कामाचे हुकूम कोणी दिले, हे फोटो सांगत नाही. पण एकटा साक्षीदार बोलला तर बचावाचे वकील त्याला खोटारडा म्हणतील. आता त्याच्याशेजारी फोटो उभा आहे. त्याला एकटं उभं करायचं नाही.” तुमचा चहावाला कोर्टात अगदी एकटा उभा होता ना?

खटला सुरू झाला. आधी मला उभं केलं, त्या ‘ते’साठी. काका माझ्यापासून दहा पावलांवर बसलेले, करड्या स्वेटरमध्ये. मला पाहून त्यांनी मान हलवली, मंडळात हलवायचे तशीच. त्यांच्या वकिलाने सौम्यपणे विचारलं, “ह्या शब्दाचा अर्थ अनेक लोक असाही होऊ शकतो ना?” मी म्हटलं, हो, होऊ शकतो. “म्हणजे तुम्ही खात्रीने सांगू शकत नाही?” मी म्हटलं, नुसत्या शब्दावरून नाही. एका ताटावरून मला तसं वाटतं. ते म्हणाले, “वाटतं. धन्यवाद.” मी खाली बसले. वकीलबाई माझ्याकडे पाहून किंचित हसली, जणू मी बरोबर केलं. पण आता सगळं त्या स्वयंपाक्यावर येऊन ठेपलं होतं.

त्याची साक्ष होती त्या सकाळी कोर्टामागच्या एका खोलीत आम्ही चौघे होतो. तो, वकीलबाई, त्याच्या संरक्षणाला दिलेला पोलीस, आणि मी. खिडकीला पडदा. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, “ताई, त्यांना सांगा, मला काही आठवत नाही.” मी ते जर्मनमध्ये सांगितलं. मग तो म्हणाला, “काल बहिणीचा निरोप आला. दोघं जण आईकडे येऊन गेले. चहा प्यायले. तिच्या गुडघ्याची चौकशी केली.” मी तेही सांगितलं. वकीलबाईने खुर्ची ओढली आणि त्याच्या बाजूला बसली, समोर नाही. त्याने भिंतीकडे बघतच विचारलं, “ताई, तुम्ही माझ्या जागी असतात तर?” मला उत्तर द्यायचा अधिकार नाही. मी त्याचा प्रश्नच जर्मनमध्ये केला, जसाच्या तसा, आणि माझाच आवाज मला निर्दय वाटला.

वकीलबाई म्हणाली, आणि मी वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेले, “तुमच्या आईला काही होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. तिथल्या पोलिसांना आम्ही कळवलंय, पण ते माझ्या हुकमात नाहीत. कोर्टात खरं बोलणं तुमच्यावर बंधनकारक आहे, तेही मी बदलू शकत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर मी तुमच्यावर ओरडणार नाही. माझ्याकडे जे आहे ते घेऊन मी पुढे जाईन, आणि बहुधा हरेन. तुम्ही बोललात, तर तुमच्यानंतर तसल्या तळघरात कुणाला झोपावं लागणार नाही, असंही नाही. फक्त आत कोर्टात बसलेला तो एक माणूस कुणाला तिथे झोपायला लावू शकणार नाही.” तो ऐकत होता. मग त्याने ग्लासभर पाणी मागितलं, सगळं प्यायला, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

आत गेल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, ते ताट कुणासाठी होतं? त्याने काकांकडे हात केला. “ह्यांच्यासाठी,” म्हणाला. ज्याने त्याला तळघरात ठेवलं त्यालाही ‘ह्यांच्यासाठी’. मी जर्मनमध्ये ‘ह्या माणसासाठी’ एवढंच म्हणू शकले. मान देण्याची सवय किती खोल असते बघा.

काकांना शिक्षा झाली. त्यांनी वर दाद मागितली आहे, पण वकीलबाईला वाटतं की निकाल टिकेल. ती पुन्हा गाजरं खात दुसऱ्या फायली वाचतेय. तिचा स्वभावच तो. स्वयंपाक्याची आई आता त्याच्या बहिणीकडे राहते, ठीक आहे, एवढं मला कळलं. तो स्वतः कुठल्यातरी गावात आहे, वेगळ्या नावाने. आपल्याकडच्या माणसांत जायचं नाही, दुकानात कुणी मराठी बोलताना दिसलं तर बाजूच्या रांगेत सरकायचं, असं त्याला शिकवलंय. खरं बोलल्याबद्दल त्याची भाषा गेली. निघताना त्याने विचारलं, “ताई, वर्षातून एकदा तरी?” त्याच्याबरोबरचा पोलीस नाही म्हणाला, त्याचं भाषांतर मलाच करावं लागलं.

माझंही काही फार वेगळं नाही. कोर्टात मी सगळ्यांसमोर बसले होते, तेव्हा बातमी पसरणारच. मंडळातल्या एका बाईंचा फोन आला. मुलांच्या परीक्षेचं वगैरे बोलून झालं, मग म्हणाल्या, “अहो, पण आपल्याच माणसाविरुद्ध?” मी म्हटलं, तळघरातलाही आपलाच होता. त्या म्हणाल्या, “ते खरं हो, पण काकांनी तुमच्यासाठी किती केलं.” ते खोटं नव्हतं. पावसात छत्री धरली होतीच त्यांनी. ह्या वर्षी गणपतीचं बोलावणं आलं नाही. परवा बाजारात एक ओळखीचं जोडपं दिसलं, त्यांनी मुलाला भाजीच्या पलीकडे नेलं. मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले, आणि मग लक्षात आलं की आठवडाभर माझ्या तोंडून मराठी शब्द गेलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले. हे कुठे टाकायचं नाही. तुमचा पत्ता असता तरी ह्यातलं निम्मं मला पाठवता आलं नसतं.

पण एक गोष्ट वकीलबाईलाही ठाऊक नाही. त्या मागच्या खोलीत तिने बोलायला सुरुवात केली ती त्याचं आडनाव घेऊन, इथल्या रीतीप्रमाणे, श्रीयुत अमुक. मी तेच म्हणायला हवं होतं. दुभाष्याने काही गाळायचं नाही आणि काही घालायचं नाही. मी आडनाव घेतलं नाही, बाबा. मी म्हटलं, “दादा”. तेव्हा त्याने भिंतीकडचं तोंड वळवलं. त्या एका शब्दाने काही झालं की नाही, मी सांगू शकत नाही, आणि तो त्याला धीर यावा म्हणून म्हटला असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. किती वर्षांत मला कुणाला तसं म्हणायला मिळालं नव्हतं.